खर्पुडी : पुण्याच्या गवताळ टेकड्यांची मूळ रहिवासी

जुलै संपत आला की पुण्याच्या टेकड्यांवरचे गवत घोटे झाकण्याइतके वाढते. वेताळ टेकडी, तळजाई, बाणेर-पाषाणची टेकडी, कात्रजचे डोंगर अशा सगळ्या ठिकाणी सकाळ-संध्याकाळ फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असते. त्यांतल्या बहुतेकांच्या लेखी हे गवत म्हणजे नुसते गवत. तेरड्याची गुलाबी किंवा सोनकीची पिवळी फुले दिसली तर पावले थांबतात, एरवी नाही. पण पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर आणि माळांवर, गवताच्याच काडीला वेढे घालत एक बारीक वेल चढत असतो. त्यावर जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर लांबीचे हिरवट-जांभळे फूल उभे असते. पाच पावलांवरूनही ते नजरेला पडत नाही. ही खर्पुडी. निसर्गप्रेमी मंडळी तिला कंदीलपुष्प म्हणतात, आणि वनस्पतिशास्त्रात ती सेरोपेजिया या प्रजातीत मोडते.

भारतात सेरोपेजियाच्या पन्नासहून अधिक जाती सापडतात. त्यांतल्या बहुसंख्य जाती भारताबाहेर कुठेच नाहीत, आणि त्यांचा मोठा वाटा सह्याद्रीत आहे. काही जातींचे जगातले सगळे अस्तित्व एखाद-दुसऱ्या डोंगराच्या माथ्यापुरते आहे. अशा वनस्पती जपायच्या म्हटल्या की आपल्याला कुंपण, रोपवाटिका, प्रयोगशाळा आठवतात. त्यांचा उपयोग आहेच. पण खर्पुडीची खरी गरज वेगळी आहे. तिला हवे असते ते उघडे, भरपूर उन्हाचे, दरवर्षी वाळणारे आणि दरवर्षी पुन्हा उगवणारे गवताळ रान. पुणे शहरात आज नेमके तेच सर्वांत दुर्लक्षित आहे.

फुलाच्या आत

पुण्याच्या आसपास सर्वांत जास्त आढळणारी जात म्हणजे सेरोपेजिया बल्बोसा. १७९५ साली विल्यम रॉक्सबर्ग यांनी कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींवरच्या ग्रंथात तिचे वर्णन केले. तिची पाने जाड, मांसल आणि समोरासमोर असतात. आकाराला मात्र नियम नाही. एका वेलाची पाने जवळजवळ गोल, तर दुसऱ्याची गवताच्या पात्यासारखी अरुंद. म्हणून फूल नसताना ही वेल ओळखणे सरावलेल्या माणसालाही जड जाते.

फूल हातात न घेता, वाकून, भिंगातून पाहावे. खाली फुगीर बुड, त्यावर अरुंद नळी आणि वर पुन्हा रुंदावणारे तोंड, अशी त्याची घडण एखाद्या छोट्या सुरईची. तोंडाशी पाच पाकळ्या असतात, पण त्या उमलून पसरत नाहीत. त्यांची टोके वर एकमेकांना चिकटलेली राहतात. त्यामुळे तोंडावर पाच फटींचा पिंजरा तयार होतो. फुगीर बुडाचा भाग हिरवट पांढरा असतो आणि पाकळ्या जांभळट. नळीच्या आतल्या बाजूला बारीक केस असतात, आणि त्या सगळ्यांचा रोख खाली असतो.

बुडाच्या पोकळीत फुलाचा खरा कारभार चालतो. खर्पुडी रुईच्या नात्यातली. उतरण, हरणदोडी, अनंतमूळ हीही तिची भावंडे. या गोतावळ्यातल्या रुई, उतरण, खर्पुडी यांच्या फुलांतले पराग सुटे, पिठासारखे नसतात. ते मेणचट पुंजक्यांत बांधलेले असतात. असे दोन पुंजके एका चिमट्याला जोडलेले, आणि असे पाच जोड एका फुलात. वाऱ्याने ते उडत नाहीत, मधमाशीच्या अंगाला धुळीसारखे माखत नाहीत. कुणीतरी तो चिमटा अंगात अडकवून घ्यायला हवा, दुसऱ्या फुलात जायला हवे आणि तिथल्या अगदी अरुंद खाचेत पुंजका नेमका बसवायला हवा. हे काम खर्पुडीसाठी करतात दोन-तीन मिलिमीटरच्या माश्या.

माशीची कैद आणि सुटका

वासाने ओढलेली माशी पिंजऱ्याच्या फटीतून आत शिरते. नळीची आतली भिंत गुळगुळीत, त्यात खाली वळलेले केस. पाय घसरला की ती थेट बुडात. वर यायला निघाली की केस आडवे येतात. बुडाच्या भिंतीत काही ठिकाणी पातळ, अर्धपारदर्शक पट्टे असतात आणि त्यांतून उजेड येतो. माशी सुटकेसाठी उजेडाकडे झेपावते, पण तो उजेड बाहेर नेत नाही. तो तिला परागपुंजक्यांच्या शेजारी नेतो. तिथे चाचपडताना तिच्या सोंडेला चिमटा अडकतो. स्टीफन फोगल या शास्त्रज्ञाने १९६१ साली सेरोपेजियाच्या या सापळ्याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हापासून ही यंत्रणा नीट समजू लागली.

ही कैद जन्मठेप नसते. काही तासांनी, कधी दिवसभराने, नळीतले केस सुकतात. ताठ उभे असलेले फूल कलते. वाट मोकळी होते आणि सोंडेला परागांचा जोड घेऊन माशी बाहेर पडते. ती दुसऱ्या फुलात पुन्हा फसली तरच खर्पुडीला फळ धरते. कीटक खाणाऱ्या वनस्पतींशी याचा काही संबंध नाही. खर्पुडी माशीला मारत नाही, पचवत नाही. तिला माशी जिवंत, धडधाकट आणि परत फसण्याजोगी हवी असते.

माश्यांना ओढणारा वास कशाचा, याचे उत्तर आफ्रिकेतल्या एका जातीने दिले. कोळ्याने मधमाशी पकडली की काही बारीक माश्या त्या शिकारीवर जमतात आणि जखमेतून झिरपणारा रस चाटतात. दक्षिण आफ्रिकेतल्या सेरोपेजिया सँडरसोनायचे फूल जखमी मधमाशीच्या वासाची हुबेहूब नक्कल करते, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. माशी येते मेजवानीच्या आशेने, आणि तिथे असते फक्त फूल. वेगवेगळ्या जाती वेगवेगळ्या वासांनी वेगवेगळ्या माश्यांना बोलावतात. त्यामुळे खर्पुडीचे भवितव्य केवळ तिच्या कंदावर ठरत नाही. ज्या बारीक माश्या, जे कोळी आणि जे किडे तिच्या भोवतालच्या गवतात वावरतात, त्यांच्यावरही ते ठरते. गवतावर औषध फवारले, गवत जाळले किंवा सावलीने मारले, की ही साखळी तुटते. मग वेल फुलतो, पण फळ धरत नाही.

फळ धरले तर मात्र ते शोभिवंत असते. शिंगांसारख्या दोन निमुळत्या शेंगा जोडीने येतात. पाऊस सरल्यावर त्या वाळतात, उकलतात आणि प्रत्येक बी रेशमी केसांच्या झुबक्याला लटकून वाऱ्यावर निघते. रुईची म्हातारी उडताना सगळ्यांनी पाहिली आहे. खर्पुडीची म्हातारी तशीच, फक्त लहान.

आठ महिने जमिनीखाली

पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते ऑक्टोबर या काळात. उरलेले सात-आठ महिने टेकडी कोरडी असते. वर बोटभर माती, खाली मुरूम आणि त्याखाली बसाल्टचा काळा कातळ. मार्च-एप्रिलमध्ये हा मुरूम हात लावू नये इतका तापतो. अशा जागी मोठा वृक्ष उभा राहायला फार झगडतो, पण गवत आणि कंदवर्गीय वनस्पती इथे निवांत नांदतात, कारण त्यांनी आपले भांडवल जमिनीखाली ठेवलेले असते.

खर्पुडीचा कंद गोल आणि किंचित चपटा असतो. त्यात पिष्ट आणि पाणी साठवलेले असते. हिवाळ्यात वेल वाळून नाहीसा होतो, पण कंद जिवंत राहतो. वळवाच्या आणि मृगाच्या सरींनी जमीन भिजली की कंदातून नवा कोंब निघतो. पाच-सहा आठवड्यांत वेल वाढतो, जुलैअखेरपासून सप्टेंबरपर्यंत फुलतो, पावसाच्या शेवटी शेंगा धरतो आणि पुढच्या वर्षाची शिदोरी कंदात भरून पुन्हा दिसेनासा होतो. बियांपासून आलेल्या रोपाचे पहिल्या पावसाळ्यातले मुख्य काम म्हणजे जमिनीखाली छोटीशी गाठ तयार करणे. ती गाठ पुरेशी भरली नाही तर पहिलाच उन्हाळा त्याचा शेवटचा ठरतो.

याच टेकड्यांवर अशा साठवणीवर जगणाऱ्या इतर वनस्पतीही आहेत : पहिल्या पावसाबरोबर जमिनीलगत पिवळे फूल काढणारी काळी मुसळी, पांढऱ्या तुऱ्यांची मुसळी, झुडपांच्या आधाराने चढणारी कळलावी. या सगळ्यांचा जीवनक्रम गवताशी जुळलेला आहे. कुसळी, शेडा, पवन्या, मारवेल ही गवते पावसाबरोबर वाढतात आणि खर्पुडीच्या वेलाला वेढे घालायला काडी देतात. ती माती धरून ठेवतात, दुपारच्या उन्हात जमिनीचा ओलावा टिकवतात, आणि तरीही वरून ऊन येऊ देतात. पडछाया आणि ऊन यांचा हा तोल गवताशिवाय दुसरे कुणी राखू शकत नाही.

खर्पुडीचा कंद खाता येतो. गुराखी आणि डोंगरातली माणसे तो उकरून कच्चा किंवा उकडून खात आली आहेत. साळिंदर आणि रानडुक्कर यांनाही तो आवडतो. वेल भरपूर असतात तेव्हा या खाण्याने फार बिघडत नाही. पण जिथे मूठभर वेल उरले आहेत, तिथे एक कंद गेला की पुढच्या अनेक वर्षांचे बियाणे गेले. बिबळ्या कडवा या फुलपाखराच्या अळ्याही सेरोपेजियाच्या पानांवर वाढतात. रुई हे त्यांचे नेहमीचे ठिकाण, पण टेकडीवर खर्पुडीही चालते.

पन्नास किलोमीटरांत बदलणारे जग

पुण्याची जागा खर्पुडीच्या दृष्टीने मोलाची आहे. शहरात ७०० मिलिमीटर पाऊस, पण पश्चिमेला ताम्हिणी-मुळशीच्या घाटमाथ्यावर त्याच्या कित्येक पट, आणि पूर्वेला दिवे घाट चढून सासवड-जेजुरीकडे गेले की शहराहूनही कमी. इतक्या थोड्या अंतरात पाऊस, उंची आणि वारा बदलत जातात, तशा खर्पुडीच्या जातीही बदलतात.

कोरड्या पूर्वेकडे आणि शहराच्या टेकड्यांवर सेरोपेजिया बल्बोसा. ही काटक जात राजस्थानपासून तमिळनाडूपर्यंत कोरड्या भागात पसरली आहे. थोडे पश्चिमेला, झुडपे आणि गवत एकत्र असलेल्या उतारांवर हमण, म्हणजे सेरोपेजिया हिरसुटा. तिचे फूल बल्बोसापेक्षा मोठे आणि वेल केसाळ. आणखी वर, गडांच्या माथ्यांवर आणि सड्यांवर, चित्र पालटते. तिथे वारा इतका असतो की चढायला उंच काडी टिकत नाही. तिथल्या अनेक जातींनी वेल होणे सोडून दिले आहे. त्या छोट्या, ताठ रोपांच्या रूपात गवताच्याच उंचीवर उभ्या राहतात. सिंहगडाच्या परिसरातली मॅककॅनाय, जुन्नर तालुक्यातल्या दुर्ग किल्ल्यावरून वर्णिलेली रोला, जुन्नरकडच्याच डोंगरांतली महाबळेई, पाचगणीच्या पठारावरची पांचगणीएन्सिस, नाशिकजवळची अंजनेरिका या अशाच.

एवढ्या जाती एवढ्याशा मुलखात का, याचे एक उत्तर भूगोलात आहे. सह्याद्रीचा प्रत्येक उंच माथा हा सभोवतालच्या दऱ्यांनी वेगळा केलेला गवताळ तुकडा आहे. वाऱ्यावर उडालेले बी कधीतरी पलीकडच्या माथ्यावर पोचते, पण नेहमी नाही. एकदा पोचलेला गट पिढ्यान् पिढ्या वेगळा राहिला की हळूहळू वेगळी जात होते. याची दुसरी बाजू अशी की एका माथ्यावरचे गवत गेले तर तिथली जात दुसरीकडून परत आणता येत नाही, कारण ती दुसरीकडे नसतेच.

या फुलांना नावे देणारे शहर

सेरोपेजियाच्या अभ्यासात पुण्याचा वाटा मोठा आहे. एकोणिसाव्या शतकात पुण्याजवळ दापोडीला सरकारी वनस्पती उद्यान होते. त्याचे अधीक्षक डॉ. चार्ल्स लश यांच्या नावावरून १८३४ साली अरुंद पानांच्या खर्पुडीला नाव दिले गेले. आज तो बल्बोसाचाच एक प्रकार मानतात. त्यांच्यानंतर त्याच बागेची सूत्रे सांभाळणारे अलेक्झांडर गिब्सन पुढे मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले आणि निकोल डालझेल यांच्याबरोबर त्यांनी १८६१ साली 'बॉम्बे फ्लोरा' हा ग्रंथ काढला. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची सविस्तर नोंद प्रसिद्ध केली. ती आजही अभ्यासकांच्या टेबलावर असते.

१९५५ साली भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात सुरू झाले. तिथल्या एम. वाय. अन्सारी, के. हेमाद्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढच्या काळात सह्याद्री पालथा घातला आणि सेरोपेजियाच्या अनेक जाती प्रथमच जगापुढे आणल्या. त्यांनी दिलेल्या नावांतून एक इतिहासच वाचता येतो. मॅककॅनाय हे निसर्ग अभ्यासक चार्ल्स मॅककॅन यांच्या सन्मानार्थ, महाबळेई हे पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ त्र्यं. शं. महाबळे यांच्यासाठी, रोला हे सर्वेक्षणातले रोला शेषगिरी राव यांच्यासाठी, ह्युबेराय हे १९५७ साली या प्रजातीचा सर्वंकष आढावा घेणारे हर्बर्ट ह्युबर यांच्यासाठी. १९८४ साली अन्सारी यांनी भारतातल्या सेरोपेजियावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. आर. यादव यांनी या दुर्मीळ जाती बागेत वाढवण्याचे आणि पुन्हा डोंगरावर नेण्याचे काम हाती घेतले.

गवत म्हणजे पडीक जमीन नव्हे

एवढे ज्ञान जमा होऊनही गवताळ रानाची किंमत आपल्या मनात वाढलेली नाही. सरकारी नकाशांत झुडपी आणि गवताळ जमिनीचे मोठे पट्टे अनेकदा 'वेस्टलँड' म्हणजे पडीक ठरतात. शहरात झाड तोडायचे तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे. पण गवताच्या पट्ट्याला त्या कायद्यात जागा नाही. म्हणून गवत खरवडले, खणले, भराव घालून बुजवले, तरी कुणी हरकत घेत नाही.

त्याहून मोठी अडचण सद्हेतूतून आलेली आहे. पुण्याच्या टेकड्या 'उघड्या-बोडक्या' आहेत, त्यांवर झाडे लावून त्या हिरव्या कराव्यात, असा समज पक्का बसला. त्यातून अनेक उतारांवर गिरिपुष्पाची दाट लागवड झाली. गिरिपुष्प मूळचे मध्य अमेरिकेतले. ते झपाट्याने वाढते, दाट सावली धरते आणि त्याखाली पाचोळ्याचा थर साचतो. तिथे कुसळी उरत नाही, काळी मुसळी उरत नाही आणि खर्पुडीला चढायला काडी व फुलायला ऊन मिळत नाही. दुरून टेकडी हिरवी दिसते, पण मूळच्या रहिवाशांसाठी ती बंद झालेली असते.

टेकड्या पूर्वी घनदाट जंगलाच्या होत्या आणि माणसाने त्या उघड्या केल्या, असे सर्रास सांगितले जाते. दरीत, नाल्याकाठी, ओलाव्याच्या जागी झाडे होतीच आणि असायलाच हवीत. पण दख्खनचे माळ आणि उथळ मातीचे उतार ही जुनी गवताळ राने आहेत. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी मराठीतल्या जुन्या ओव्या, चरित्रे आणि स्थानिक परंपरांतले वनस्पतींचे उल्लेख तपासले, तेव्हा पश्चिम महाराष्ट्राच्या या भूभागात शेकडो वर्षांपूर्वीही उघडे गवत आणि विरळ, काटेरी झाडेच होती असे दिसून आले.

नेर्लेकर यांनीच जोसेफ वेल्डमन यांच्याबरोबर २०२० साली प्रसिद्ध केलेला दुसरा अभ्यास अधिक गंभीर करणारा आहे. एकदा नांगरलेले किंवा उद्ध्वस्त झालेले गवताळ रान पुन्हा वाढू दिले, तर त्यातली वनस्पतींची विविधता पूर्ववत व्हायला किमान एक शतक, आणि बहुतेक वेळा हजारो वर्षे लागतात, असे जगभरच्या आकडेवारीतून त्यांनी दाखवले. नुसते गवत चार पावसाळ्यांत परत येते. त्या रानाची ओळख असलेल्या जुन्या वनस्पती मात्र तशा परत येत नाहीत. खर्पुडीसारख्या कंदवर्गीय वेलीबाबत हे सहज पटते : मुरूम खणून नेला की कंदही ट्रकमध्ये गेला.

वणवा आणि चराई यांचा विचार मात्र सरसकट करून चालत नाही. जमिनीखालचा कंद उन्हाळ्यातल्या वरवरच्या आगीत तगतो, पण वरचे बी, किड्यांची अंडी, कोळी आणि माश्यांचे कोष जळतात. दरवर्षी लावलेली आग हे रान दरिद्री करते. थोडी चराई गवत मोकळे ठेवते, तर अति चराई फुलायच्या आधीच वेल खुडून टाकते.

काय करता येईल

१९९७ साली शहरात आलेल्या गावांच्या विकास आराखड्यात सुमारे हजार हेक्टर टेकड्या जैवविविधता उद्यानासाठी राखून ठेवण्यात आल्या. त्या वाचाव्यात म्हणून पुणेकरांनी वर्षानुवर्षे लढा दिला आहे. टेकडी फोडणाऱ्या रस्त्यांना आणि बोगद्यांना होणारा विरोधही त्याच जागरूकतेतून आला. या लढ्यात आता गवताचीही बाजू मांडली गेली पाहिजे. वृक्षारोपण करणाऱ्या संस्थांनी खड्डे खणण्याआधी एक पावसाळा त्या जागेवर काय उगवते ते पाहावे. जिथे कुसळी, मुसळी आणि खर्पुडी आहे तिथे खड्डा घेऊ नये. झाडे नाल्याच्या कडेला, आधीच बिघडलेल्या जमिनीवर, रस्त्यांच्या दुतर्फा लावावीत. गिरिपुष्पाची गर्दी टप्प्याटप्प्याने विरळ करून गवताला ऊन परत द्यावे.

फिरायला जाणाऱ्यांसाठी नियम साधे आहेत. पायवाट सोडू नये, कारण एका छायाचित्रासाठी दहा जण गवतात उतरले की पाच कोंब तुडवले जातात. दुर्मीळ जातीचा नेमका पत्ता समाजमाध्यमांवर टाकू नये. वेल घरी आणून कुंडीत लावू नये. तिथे तिला तिची माशी मिळत नाही. मुलांना ऑगस्टमध्ये टेकडीवर न्यावे, वाकून भिंगातून पाहायला शिकवावे, आणि पाहिलेल्या फुलाची तारीख वहीत लिहायला लावावी. अशा नोंदी दहा-वीस वर्षे साचल्या तर कोणत्या टेकडीवर काय टिकले आणि काय गेले, हे शहराला कळेल.

आणि महापालिका व वन विभागाकडे एक मागणी ठामपणे व्हायला हवी. टेकड्यांच्या प्रत्येक आराखड्यात किती झाडे लावली याच्या आकड्याशेजारी किती गवताळ क्षेत्र अबाधित राखले याचाही आकडा असला पाहिजे. तो दरवर्षी तपासला गेला पाहिजे आणि लोकांसमोर आला पाहिजे. खर्पुडीला यापेक्षा वेगळ्या योजनेची गरज नाही. तिचे गवत आपण तिच्याकडे राहू दिले, तर पुढची सगळी व्यवस्था ती, तिचा कंद आणि तिच्या माश्या मिळून करतात.